अंगठे बघणारे नाना

आमचे सासरे माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायाच्या अंगठ्याकडे बघतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा "मी सिगारेट ओढत नाही" असं मी छातीठोकपणे सांगितलं. नाना माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "ओढतो. पण भित्रा आहे, सोडेल." दोन्ही खरं निघालं. तेव्हापासून जव्हारला सासुरवाडीत मी ऐन मे महिन्यातही मोजे घालून बसतो.

नाना कोर्टात शिपाई. "तोंडाला शिकवून आणता येतं हो, अंगठा अडाणीच राहतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. पिंजऱ्यातल्या माणसाचे अंगठे आत वळले की तो खोटा. साहेबांच्या आधी नानांचा निकाल चहाच्या टपरीवर लागलेला असे.

मागे एकदा जामसरकडचा देवराम पिंजऱ्यात उभा होता. मुकादमाचा हात मोडल्याचा आरोप. "मी तवा मोखाड्याच्या बाजारात होतो," एवढंच त्याचं म्हणणं, आणि ते सांगायला तो स्वतःच साक्षीला उभा राहिलेला. मी रिकामटेकडा जावई मागच्या बाकावर.

"बाजारात किती वाजता पोचलास?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"दहाला."

"बारा वाजले नव्हते?"

"हां, बाराला."

"की दोन?"

"दोनाला बी, सायेब."

सगळे हसले. मीही हसलो. देवरामचे अंगठे मात्र मुडपून गेले होते.

"खोटा!" नानांनी टपरीवर जाहीर केलं. मागेच देवरामची बायको पोराला घेऊन बसली होती. ती उठून आली.

"दादा, मग किती वर्सां आत?"

तिला वाटलं, कोर्टाच्या माणसाला सगळं ठाऊक असतं. नानांनी कप बशीत ठेवला. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "घरात घड्याळ आहे का गं?"

"हाय ना, लग्नातलं. बंद हाय. पर दिसतं बरं."

"चालू होतं तेव्हा कोण बघायचं?"

"कोनाला येतं?"

घरी नाना जेवले नाहीत. सासूबाई मला खुणावत होत्या, मी घाबरून पापड मोडत होतो. शेवटी नानाच बोलले, "साहेबाला 'ठाऊक नाही' म्हणणं आमच्या पाड्यावर उद्धटपणा. साहेब म्हणेल तेवढे वाजले. माझ्या बापाला जंगलखात्याच्या रेंजरनं असंच विचारलं होतं, भीतीनं त्याचेही अंगठे असेच वळले होते. मी नुकता शाळेत घड्याळ शिकलो होतो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो."

दुसऱ्या दिवशी ते देवरामच्या वकिलांकडे गेले आणि हे सगळं सांगून आले.

देवराम सुटला, हे आधीच सांगून टाकतो, मला ताण सोसत नाही. पण निकालाच्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नानांना दारात येऊन देवरामच्या नावाचा पुकारा करायचा होता. एरवी त्यांचा पुकारा एसटी डेपोपर्यंत जातो. त्या दिवशी ते दारात येऊन खाली देवरामच्या अंगठ्यांकडे बघत उभे राहिले. आतून कारकून ओरडला, "नाना, पुकारा!"

नाना पायऱ्या उतरले. खाली बसलेल्या देवरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोर्टात कधीच न वापरलेल्या घरच्या बोलीत हळूच म्हणाले, "चल बाबा. भिव नको. मी दाराशीच हाय."