डिसेंबरचा पहिला शनिवार

खेचरांकडून अडतीस–तीन असा मार खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, होलिस टिडवेल स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उभा राहिला आणि दारावर लावलेला कागद त्याने उलटा केला. सुलट बाजूला ऑगस्टमध्ये त्याच्याच हाताने लिहिलं होतं : बारा सामने, बारा विजय, राष्ट्रीय अजिंक्यपद. उलट बाजूला त्याने आता पेन्सिलीने लिहिलं : सात विजय, पाच पराभव. मग थोडा वेळ विचार करून सातचे सहा केले.

ओकाटोमा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव बगळे. नदीपलीकडच्या वेन्सबरो कॉलेजचा संघ तो खेचरं. दोघांचं एकशे सहा वर्षांचं हाडवैर. होलिस स्वतः कॉलेजची पायरी चढला नव्हता, त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. पण तो 'बगळे हरले' असं कधी म्हणत नसे, 'आपण हरलो' म्हणे. गावातले निम्मे लोक असेच. ज्यांना कॉलेजने कधी दारात उभं केलं नसतं, त्यांनाच त्याचा अभिमान जास्त.

टेबलाशी बसलेली त्याची मुलगी मॅरिबेथ हे सगळं शांतपणे बघत होती. सत्तावीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात कामाला. दुखऱ्या माणसाशी कधी बोलावं हे तिला बरोबर कळायचं.

"डॅडी, डिसेंबरचा पहिला शनिवार चालेल लग्नाला?"

एरवी या प्रश्नावर घरात दोन दिवस अबोला झाला असता. ओकाटोमात सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी कुणी लग्न काढत नाही. काढलं तर नवरा, नवरी आणि पाद्री एवढेच जमतात. डिसेंबरचा पहिला शनिवार तर आणखी सोवळ्यातला, कारण त्या दिवशी विभागाचा अंतिम सामना असतो. बगळे तीस वर्षांत एकदाही तिथवर पोचले नव्हते. तरी गाव तो दिवस दरवर्षी मोकळा ठेवी. न जाणो.

होलिसने नुसता हात झटकला. "चालेल. कुठलाही चालेल. आपला मोसम संपला."

"बघ हं. गेल्या वर्षी असाच हो म्हणालास आणि पाच सामने जिंकल्यावर तारीख मोडलीस."

"गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी होती."

"पुढचे पाच हरलात."

"तेच म्हणतोय, वेगळी होती. पोरी, या पोरांना चेंडू धरता येत नाही. आपण अंतिम सामन्याला गेलो, तर मी होलिस नाव सांगणार नाही."

मॅरिबेथने हात पुढे केला. "टाळी दे. ग्रेडीला बोटीवरच्या कामातून एक ते दहा डिसेंबर सुट्टी आहे, नंतर एकदम जूनमध्ये. आता परत मोडलंस ना, तर आम्ही दोघं मंगळवारी कोर्टात जाऊन सह्या करू. तुला कळवणारसुद्धा नाही."

होलिसने टाळी दिली. त्याची बायको वर्ना पिठाच्या हातांनी साक्षीला उभी होती. तिने घड्याळाकडे पाहून वेळ लक्षात ठेवली.

सोमवारी सकाळी नेहमीच्या खानावळीत मंडळी जमली. प्रशिक्षकाला हाकलायचं एकमताने ठरलं. मंगळवारी त्याच्या जागी कुणाला आणायचं यावर एकमत होईना, म्हणून त्यालाच ठेवायचं ठरलं. बुधवारी सगळा दोष पंचांवर आला. गुरुवारी होलिसचा जुना मित्र ड्युई स्ट्रिकलंड कॉफीत साखर ढवळत म्हणाला, "तसं बघितलं तर आपण एकच हरलोय."

"गप बस," होलिस म्हणाला. "सहा–सहा. त्यावर एक जास्त मिळाला तर देवाची कृपा."

"मी आपलं म्हटलं."

दोनशे साठ आमंत्रणं गेली. लग्न दुपारी तीनला, नंतर चर्चच्या अंगणात जेवण. डुक्कर भाजायचं काम ड्युईचं. त्याच्याइतकं मऊ मांस तालुक्यात कुणाला जमत नाही, हे तो स्वतःच सांगतो.

त्यानंतरच्या शनिवारी बगळे जिंकले. ते ठीकच होतं, समोरचा संघ मरतुकडा होता. पुढच्या शनिवारीही जिंकले. तिसऱ्या शनिवारी चौदा गुणांनी मागे पडूनही जिंकले आणि होलिस आनंदाने सोफ्यावरून उठला तो अर्ध्यातच थांबला. वर्ना शेजारी लग्नाच्या रिबिनी कापत बसली होती.

"ओरड की," ती म्हणाली. "थांबलास का?"

"नाही, पाय आखडला."

त्या आठवड्यापासून आमंत्रणांची उत्तरं यायला लागली. वर्नाच्या फे मावशीने लिहिलं, "नक्की येऊ (बगळे अजून एकदा हरले तर)." होलिसच्या चुलतभावाने वधूवरांना आशीर्वाद कळवून पुढे लिहिलं होतं, "बाकीचं खेचरांवर अवलंबून." कारण हिशेब असा होता की बगळे सगळे सामने जिंकले आणि खेचरं दोनदा हरली, तर अंतिम सामन्यात बगळे. खेचरं तेवढी हरणार नाहीत, एवढाच काय तो होलिसला आधार होता. ज्या खेचरांचं वाटोळं व्हावं म्हणून तो लहानपणापासून झोपताना देवाला हात जोडत आला, त्यांच्याच जिवावर आता लेकीचं लग्न टिकायचं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर खेचरं एकदा हरली. खानावळीत फटाके वाजले. होलिसने आपली बिस्किटं तशीच सोडली आणि तो ब्रदर ओडेलकडे गेला. ब्रदर ओडेल हे चर्चचे पाद्री. ते वेन्सबरोत शिकलेले, म्हणजे जन्माचे खेचरवाले. पण प्रवचन चांगलं देत म्हणून गावाने त्यांचा हा दोष बावीस वर्षं पोटात घातला होता.

"ब्रदर, एक विचारायचं होतं. माणसाने शत्रूसाठी प्रार्थना करावी का?"

"करावीच. पुस्तकातच आहे तसं."

"म्हणजे खेचरं शेवटचा सामना जिंकावीत, अशी केली तर?"

ब्रदर ओडेलांचे डोळे भरून आले. "होलिस, बावीस वर्षांच्या सेवेचं फळ मिळालं. पण तुला एक सांगायचं राहूनच गेलं. खेचरं अंतिम सामन्याला गेली, तर मैदानावर सुरुवातीची प्रार्थना म्हणायला मला बोलावणं आहे. तुझ्या लग्नाला मी दुसरा पाद्री देईन. शिकाऊ आहे, थोडा अडखळतो, पण मनाचा चांगला आहे."

होलिस इकडे आड तिकडे विहीर अशा स्थितीत घरी आला. बगळे गेले तर पाहुणे नाहीत, खेचरं गेली तर पाद्री नाही. त्या आठवड्यात त्याने एका ट्रॅक्टरमध्ये तेल घालायचं विसरून तो गिऱ्हाइकाला परत दिला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी बगळे दुपारीच जिंकले. संध्याकाळी खेचरांचा सामना लागला. शेवटच्या मिनिटाला दोन गुणांनी मागे असताना खेचरांना तीन गुणांसाठी चेंडू खांबांमधून लाथाडायचा होता. होलिस टीव्हीसमोर गुडघ्यावर बसला होता. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लाथ बसली, चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला आणि होलिसच्या तोंडून अशी आरोळी निघाली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तीस वर्षांनी! त्याने वर्नाला उचललं, गरगर फिरवलं, आणि खाली ठेवताना त्याला दारात मॅरिबेथ उभी दिसली.

"अभिनंदन, डॅडी," ती म्हणाली.

"पोरी, सकाळी सातला केलं तर? मैदान चार तासांवर आहे, जरा घाईने..."

"ग्रेडीची आई बाराच्या बसने येतेय."

"मग शुक्रवारी?"

"टाळी दिली होतीस."

होलिसने ग्रेडीला फोन लावला. ग्रेडी उत्तरेकडचा. टीव्हीवर लागलं असेल तर फुटबॉल बघावा, नसेल तर नाही, अशा मताचा माणूस. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तो सामना रेकॉर्ड करून नंतर बघता येत नाही का?" होलिसने फोन ठेवला. यापुढे या मुलाशी हवापाण्यावरच बोलायचं, असं त्याने ठरवलं.

दोनशे साठ पाहुण्यांचे तीन दिवसांत अडतीस उरले. ऑर्गन वाजवणारी बाई तिकिटाच्या रांगेत उभी असल्याचं कळलं. आणि बुधवारी होलिसच्या नावाने पाकीट आलं. बगळ्यांच्या पाठीराख्यांच्या मंडळाचा तो एकोणतीस वर्षांचा सभासद. त्या ज्येष्ठतेवर त्याला दोन जागा मिळाल्या होत्या. मैदानाच्या बरोबर मध्यभागी, खालून बारावी रांग. त्याने तिकिटं टेबलावर ठेवली, मग शर्टाच्या खिशात ठेवली, मग परत टेबलावर ठेवली.

वर्नाने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवारी ड्युई भाजलेल्या मांसाचे पाच डबे घेऊन दारात आला. "रागावू नकोस. फक्त गरम करायचं. रस्सा वेगळा दिलाय."

होलिसने डबे घेतले, आत गेला, बाहेर आला आणि पाकीट ड्युईच्या हातात ठेवलं. ड्युईने ते उघडून दोनदा पाहिलं.

"बारावी रांग," होलिस म्हणाला. "निघ लवकर. नाहीतर माझं मन बदलेल."

मोटार वळणापलीकडे जाईपर्यंत तो पायरीवर उभा होता. खरं सांगायचं तर त्याला जरासा अभिमान वाटत होता. एवढा त्याग गावात आजवर कुणी केला नव्हता. उद्या मॅरिबेथ गळ्यात पडून रडेल, हेही त्याने मनात पाहून ठेवलं होतं.

शनिवारी पावणेतीनला तो नवा सूट घालून चर्चच्या बाहेरच्या खोलीत आला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मॅरिबेथ पांढऱ्या पोशाखात उभी होती, शेजारी वर्ना. खुर्चीवर कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा होता. होलिसने सहज एक उचलली. दुसरीच ओळ होती : वधूचं आगमन, आईसोबत.

वधूला हात धरून आत नेण्याचा मान बापाचा असतो. त्याने ती ओळ तीनदा वाचली.

"छापणाऱ्याने घोळ घातलाय."

"नाही," मॅरिबेथ म्हणाली. "मीच तसं दिलं होतं. ऑक्टोबरमध्ये."

"टाळी दिली होती ना मी?"

"गेल्या वर्षीही दिली होतीस. मी रागावलेले नाही रे, डॅडी. तुझंच बघून शिकले. दणकून हरलं की माणसाने अपेक्षा खाली आणायच्या. मी आणून ठेवल्या. म्हणजे तू आलास तर फायदाच."

होलिसला वाईट वाटलं. अडतीस–तीनचं वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. काल दिलेल्या तिकिटांबद्दल बोलायचं तो पार विसरला. "मी आलोय," एवढंच तो म्हणाला.

"दिसतंय ते," मॅरिबेथ म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

"डोळे पूस, पावडर जाईल," वर्ना म्हणाली. "आणि होलिस, मी या चालण्यासाठी दोन महिने घरात उंच टाचा घालून फिरलेय. मी जागा सोडणार नाही."

मग तिघं एका रांगेत निघाली. मधली वाट दोघांपुरतीच रुंद होती, त्यामुळे चौथ्या बाकापाशी होलिसने फुलांचा एक गुच्छ पाडला आणि पुढचं सगळं अंतर तो आडवा चालला. ऑर्गन नव्हताच, फे मावशी तोंडाने सूर धरत होती. मावशी आली होती, कारण तिला तिकीट मिळालं नव्हतं.

शपथा चालू असताना बाहेर एकदम मोटारींचे भोंगे वाजायला लागले. आधी एक, मग दहा, मग गावभर. अडतीस माथी दाराकडे वळली. ब्रदर ओडेलांचा चेहरा कडू झाला, पण ते थांबले नाहीत. होलिसची मान तेवढी वळली नाही. तो मॅरिबेथकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे, हा वळतो की काय म्हणून.

बगळे एका गुणाने जिंकले. तीस वर्षांत आलेला एकमेव अंतिम सामना त्यांनी शेवटच्या क्षणी जिंकला, आणि होलिसने त्यातला एकही क्षण पाहिला नाही.

ऑगस्टमध्ये नवा मोसम तोंडावर आल्यावर एका संध्याकाळी ड्युई आणखी तिघांना घेऊन त्याच्या अंगणात आला. चौघांनी टोप्या काढल्या. बराच वेळ हवापाणी झालं.

"होलिस, आम्ही विचार केलाय," ड्युई शेवटी म्हणाला. "तू एकोणतीस वर्षं बघत होतास आणि एकोणतीस वर्षं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एकदा बघितलं नाहीस, तर हे असं. आमचं म्हणणं एवढंच, की या वर्षी खेचरांच्या सामन्याला तू कुठेतरी गुंतलेला असावास. घरात अजून कुणी लग्नाचं आहे का?"

"एकुलती एक मुलगी आहे मला."

"पुतणी? भाची? नाहीतर वर्ना आणि तू परत..."

होलिस उठून दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात आतून वर्नाचा आवाज आला. "ऑक्टोबरचा दुसरा शनिवार ना? मॅरिबेथला सप्टेंबरात होईल. ग्रेडीच्या घरचे सगळे त्याच शनिवारी बाळ बघायला येतायत. जेवण आहे."

चौघांचे चेहरे उजळले. होलिसने तोंड उघडलं, पण वर्ना दारात येऊन उभी राहिली.

"सगळ्यांसमोर बाळ कुणी घेऊन यायचं ते तिने आत्तापासून लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "तुझं नाव आहे. एकट्याचं."

होलिस परत खुर्चीवर बसला.

"किती वाजता?" त्याने विचारलं.