एकाच वजनाचे दोन वॉकर

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एक सभासद आडवे पडून मत देतात. सतरंजीच्या कडेला पाठीवर पडायचं, दोन्ही पाय भिंतीला उंच टेकवायचे आणि ठराव आला की जमिनीवरूनच हात उचलायचा. पहिल्या वेळी चेअरमन भडकले.

"पगारे, हे काय चाललंय? सभेचा काही मान?"

"साहेब, बसता येत असेल तर मी उभा राहत नाही आणि आडवं होता येत असेल तर बसत नाही. पाय वाचवावे लागतात."

"कशासाठी?"

"रविवारसाठी."

रविवारी विलास पगारे सायकल चालवतात. तशी ती रोजच चालवतात. मी दुकानाचं शटर वर करते तेव्हा ते त्र्यंबकेश्वरच्या पुढचे चढ चढून, उतरून, घामाने निथळत परत आलेले असतात. पण राहतात पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीवाला येईपर्यंत खाली सायकलीशेजारी बसून राहतात. जिना चढत नाहीत. जिन्याने चुकीचे स्नायू दमतात म्हणे.

पगारे म्हणजे हौशी माणूस नव्हे. वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. त्यांच्या डबा अडकवायच्या सायकलवर हा मुलगा शिकला आणि त्याच जोरावर राज्याच्या संघातून देशभर शर्यती मारून आला. खेळाडू म्हणून सरकारी नोकरी मिळाली. आता पन्नाशी उलटलीय, पण शर्यती चालूच. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचे, "हा सीझन संपू दे." तो सीझन संपला नाही.

माझं औषधांचं दुकान आहे आणि पगारे माझं पक्कं गिऱ्हाईक. ग्लुकोज, क्रेपची पट्टी, खरचटल्यावर लावायचं मलम. एकदा केस काढायचं क्रीम मागितलं. मी सवयीने विचारलं, "कोणासाठी?" तर म्हणाले, "माझ्याच पायांसाठी. पडल्यावर ड्रेसिंग काढताना केस ओढले जात नाहीत." कारण व्यवहाराचं होतं, मला पटलं. दात घासायच्या ब्रशची दांडी मात्र त्यांनी अर्धी कापून टाकलीय, वजन कमी म्हणून. तो ब्रश सायकलवर नेत नाहीत. "सवय मोडायला नको," एवढंच म्हणतात.

पुढे कुणी गेलेलं त्यांना सोसत नाही. एकदा गंगापूर रोडला कानात गाणी घालून कॉलेजला निघालेला एक मुलगा त्यांच्या पुढे गेला. त्या मुलाला शर्यत चालू आहे हे माहीतच नव्हतं, तरी पगारे जिंकले आणि विजयाच्या भरात कॉलेजच्या पार पुढे निघून गेले.

वाऱ्याशी त्यांचं खास वैर. समोरून वारा असला की कुणाच्या तरी आडोशाला शिरायचं, हा त्यांच्या खेळातला कायदा. कुणी सायकलवाला नसला तर टेम्पो, टेम्पो नसला तर मी. स्कूटरवरून जाताना आरशात हेल्मेट दिसलं की समजायचं.

"वहिनी, स्पीड एकसारखा ठेवा! ब्रेक मारू नका!"

"पगारे भाऊ, मला भाजी घ्यायचीय!"

"परतीला घ्या!"

अशा माणसाला मित्र कुठून असणार? एक प्रतिस्पर्धी मात्र होता. नामपूरचे दोधा देवरे. कांद्याचे व्यापारी, आडव्या बांध्याचे, मिशीवाले. दर हिवाळ्यात नाशिकला होणाऱ्या मोठ्या शर्यतीत दोघं पोरवयापासून एकमेकांशी भिडत आले होते. कोण किती वेळा जिंकलं, यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला गेले नाहीत. पण शर्यत जवळ आली की फोन सुरू व्हायचे. दुकानात माझ्या बाकावर आडवं पडून, स्पीकर लावून पगारे बोलायचे.

"काय दोधा, कशी तयारी?"

"कसानी तयारी भो! दमा लागी राहिना माले. यंदा फक्त चहा पेवाले येस. तुन्हं काय?"

"माझा गुडघा गेला रे. डॉक्टर म्हणतात, खुर्चीतून उठूसुद्धा नका."

"अरे अरे. जप भो."

"तूही जप."

फोन ठेवला की पगारे ताडकन उठून बसायचे. "दमा म्हणाला! म्हणजे रोज घाट मारतोय. सर्दी म्हणाला असता तर मी निवांत होतो."

"आणि तुमचा गुडघा?"

"एकदम टॉप!"

मला सुरुवातीला हे पोरकट वाटायचं. मग कळलं, या लोकांचा हा धर्मच आहे. आपण किती ताजे आहोत हे समोरच्याला कळू द्यायचं नाही आणि किती दमलोय हे तर त्याहून नाही. मरायला टेकलं तरी चढावर शेजारच्याकडे बघून हसायचं आणि बरं असलं की कण्हायचं. दोघांनी इतकी वर्षं एकमेकांना एकही खरी गोष्ट सांगितली नव्हती. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर फोन आला तो दोधांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. पगारे बाकावर, स्पीकर चालू.

"भाऊ, मी मंदा बोलतेय नामपूरहून. यांना अर्धांगाचा झटका आलाय. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलंय, पण खाटेवरून उठतच नाहीत. म्हटलं, तुम्हाला कळवावं."

पगारे ताडकन उठून बसले. मग मोठ्याने हसले.

"वहिनी, सांगा त्याला, ही थाप आजवरची सगळ्यात भारी!"

पलीकडून फोन ठेवला गेला.

मी रक्तदाबाच्या गोळ्या विकते. अशा घरांतल्या बायकांचे आवाज रोज ऐकते. म्हटलं, "पगारे भाऊ, ती बाई खोटं बोलत नव्हती."

"तुम्ही दोधाला ओळखत नाही. एका साली त्याने स्वतःचा चुलता मारला होता. सुतक आहे, येत नाही म्हणाला. शर्यतीच्या दिवशी चुलता टाळ्या वाजवायला रस्त्यात उभा!"

दुसऱ्या दिवशी पगाऱ्यांकडून नंबर घेऊन मीच मंदाबाईंना फोन लावला. सगळं खरं होतं. डॉक्टरांनी चालायचा सराव सांगितला होता. हाताला धरून उठवायला गेलं की दोधा तोंड भिंतीकडे फिरवायचे. लवकर उठले नाहीत तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे सगळं मी पगाऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं.

"तुम्हालाही गुंडाळलं," ते म्हणाले. पण बाकावर आडवे झाले नाहीत. औषधांच्या कपाटापासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिले.

त्यानंतर त्यांचं काहीतरी बिनसलं. सकाळी जायचे ते संध्याकाळीही जायला लागले. अधूनमधून दोधांना फोन लावायचे. रिंग वाजून वाजून थांबायची. "उचलत नाही. म्हणजे चढावर असणार," असं मला सांगायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, मी हो म्हणावं म्हणून. मी म्हटलं नाही. "एकदा जाऊन बघून या ना," म्हटलं, तर म्हणाले, "तेच तर त्याला हवंय. मी तिकडे गेलो की माझा सराव बुडेल."

लिफ्ट बंद पडली त्या आठवड्यात ते जिन्याने धाडधाड वर जाताना दिसले. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

शर्यतीच्या सकाळी प्रथमोपचाराचं टेबल माझ्याकडे होतं. सगळे स्पर्धक सुरुवातीच्या रेषेवर पाय टेकून उभे, आणि पगारे सायकल हातात धरून गर्दीत हिंडताहेत. एकेकाच्या हेल्मेटखाली वाकून बघताहेत. सटाण्याकडच्या एकाला त्यांनी धरलं.

"दोधा कुठंय? कुठे लपलाय?"

"दोधा आप्पा? ते पडून आहेत ना, भाऊ."

"तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलंस काय? गाडीत घालताना पाय मीच धरले होते."

तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळे सुटले. पगारे शेवटी निघाले. तरीही आपल्या वयोगटात पहिले आले, दुसऱ्याला खूप मागे टाकून. हात वर केले नाहीत. कुणाला पायाला हात लावू दिला नाही. सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"कुठे लागलं का?"

"नाही."

मी पट्ट्या आवरत होते. ते उभेच.

"वहिनी, तुमच्या दुकानात वॉकर असतात ना? चार पायांचे?"

"असतात."

"दोन द्या."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा वजनकाटा घेऊन दुकानात आले. होते नव्हते तेवढे वॉकर मी बाहेर काढले. एकेक काट्याला टांगून बघितला. "दोन्ही अगदी एका वजनाचे हवेत," म्हणाले. बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. मी विचारलं, "पेशंट एक आणि वॉकर दोन कशाला?" त्यांना एका वॉकरच्या पायाचं रबर जरा जास्त जाड वाटलं, ते बदलून घेतलं.

वॉकर सायकलवर जाईनात, म्हणून रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून नामपूरला घेऊन गेले. हा माणूस शेजारी बसवून गाडी चालवणं म्हणजे शिक्षा आहे. पिंपळगावापर्यंत सीट पुढे-मागे केली. चांदवडच्या पुढे म्हणाले, "वहिनी, वारा डावीकडून आहे, त्या ट्रकच्या उजव्या बाजूने राहा." मी म्हटलं, "भाऊ, ही मोटार आहे." चढ आला की पाय हलायचे. सटाणा ओलांडल्यावर एकदम शांत झाले आणि मला तेच जड गेलं.

दोधांचं घर कांदा साठवायच्या चाळीला लागून. ओसरीत खाट, खाटेवर दोधा. मिशी वाढून ओठांवर आलेली. उजवा हात पोटावर ठेवून दिलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मंदाबाईंनी "या" म्हटलं, पाणी आणायला आत गेल्या. मला वाटलं, पगारे आता खाली बसतील, हात हातात घेतील, निदान माफी मागतील.

ते उभ्या उभ्या म्हणाले, "मला नाटक वाटलं."

दोधांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग अर्धा चेहरा हसला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"मीबी नाटकच समजतू."

झालं. माफी मागून झाली, मिळूनही झाली. पगाऱ्यांनी दोन्ही वॉकर ओसरीत मांडले.

"ऊठ. इथून चाळीच्या दारापर्यंत. दोघांना सारखंच सामान. हवं तर वजन करून बघ."

"माले नही उठनं."

"का? भ्यायलास?"

"मना पाय गया, भामट्या. दिसत नही?"

"माझा गुडघा गेलाय. मी रडतोय का?"

दोधांनी एक सणसणीत शिवी दिली. इथे लिहिण्यासारखी नाही. मग डाव्या हाताने खाटेची पाटी धरली. मी पुढे झाले तर पगारे खेकसले, "हात लावायचा नाही! बाद होईल!" मंदाबाई तांब्या घेऊन दारातच थांबल्या. दोधा उठले. एकदा परत बसले. परत उठले. वॉकर धरला.

मग ती शर्यत झाली. दोधा पाऊल ओढत, घाम गाळत, मध्ये थांबत. आणि पगारे, धडधाकट माणूस, शेजारच्या वॉकरवर वाकून टकटक करत. मला वाटलं, आता मागे राहतील. चाळीचं दार हातभर राहिलं, तरी ते मागे राहिनात. उलट जोर केला, पुढे गेले, दाराला हात लावला आणि दोन्ही हात हवेत उंच नेले.

"पहिला!"

माझं टाळकं सरकलं. "पगारे भाऊ, लाज नाही वाटत? आजारी माणसाला..."

मंदाबाईंनी माझं मनगट धरलं. "राहू द्या ताई. झटका आला तेव्हापासून पहिल्यांदा खाटेवरून उठलेत."

दोधा चाळीच्या खांबाला टेकून धापा टाकत होते. डोळे रागाने लाल झालेले.

"पुढला रविवारले ये," ते म्हणाले. "दखाडस तुले."

"तोवर तुला सर्दी होईल."

"तुन्हा बापले व्हई सर्दी!"

परतीच्या वाटेवर पगाऱ्यांनी सीट हलवली नाही. खिडकीबाहेर बघत बसले होते. एकदा रुमाल काढला, नाक पुसलं आणि "धूळ फार," म्हणाले. काचा बंद होत्या.

नंतरचे रविवार त्यांचे नामपूरला ठरून गेले. आता सायकलने जातात, कारण दोन्ही वॉकर तिकडेच ठेवलेत. पण मागच्या आठवड्यात ते माझ्याकडून तिसरा घेऊन गेले. सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून पगारे वॉकर टेकत फेऱ्या मारताहेत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून जोशीकाकू हळहळताहेत, "अगं बाई, यांना काय झालं?"

"काय चाललंय, भाऊ?"

"सराव." ते थांबले. घाम पुसला. "वहिनी, तो सुधारतोय. वेगाने सुधारतोय. गेल्या रविवारी दाराशी फक्त हातभर पुढे होतो मी. या रविवारी खरंच हरवेल मला."

"हरवू दे की."

"छे! मी ढिला पडलो तर त्याला लगेच कळेल. परत खाटेवर जाऊन पडेल." मग जरा घुटमळले. "तुम्हाला पाच मिनिटं आहेत? जरा माझ्या मागून चालाल? एकट्याने जोर लागत नाही. मागे कुणीतरी लागतं."

घरी कुकर लावलेला होता. मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्यांच्या मागून चालायला लागले.

"जोरात या, वहिनी," पगारे मागे न बघता म्हणाले. "एवढं सावकाश तो येणार नाही."