एक ऊ दाखवा

कौसल्याबाई रामटेके बोलता बोलता कोंबडीच्या मागच्या बाजूला फुंकर मारायच्या. ही गोष्ट याहून सभ्य शब्दांत कशी सांगावी, हे मला अजून सुचलेलं नाही. काखेत कोंबडी उलटी धरलेली, डोकं मागे, शेपूट पुढे. बाई आपल्याशी महागाईबद्दल बोलतायत आणि मध्येच वाक्य अर्धवट सोडून, गाल फुगवून, शेपटीखालच्या पिसांत जोरात फू! पिसं दुभंगायची, खालची गुलाबी कातडी दिसायची. बाई डोळे बारीक करून तिथे पाहायच्या आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. रामटेकेसाहेबांचे वरिष्ठ एकदा सपत्नीक चहाला आले, तेव्हाही हेच झालं. त्या वरिष्ठांच्या पत्नीने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

कोंबडीच्या उवा तिथेच असतात, त्याला बाई तरी काय करणार? शेपटीखाली आणि पंखांखाली. हे ज्ञान मला कौसल्याबाईंनी मी न विचारता दिलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. लखनौचं इंदिरा नगर तेव्हा नवं नवं वसत होतं. रस्ते आखलेले, पण निम्म्या प्लॉटवर गवतच. मी साताऱ्याचा, बँकेतल्या बदलीने तिकडे गेलेला. सामान उतरवत होतो, तेवढ्यात मागच्या बुटक्या भिंतीपलीकडून आवाज आला, "काहून वं पोट्टे, कुठं तोंड घालून राह्यली?" इतक्या लांब मराठी ऐकून माझी बायको नलिनी धावतच भिंतीपाशी गेली. बोलणं कोंबडीशी चाललं होतं.

रामटेके मूळचे भंडाऱ्याकडचे. साहेब केंद्र सरकारच्या एका खात्यात चांगल्या हुद्द्यावर. मवाळ माणूस. घरात बुद्धाची तसबीर, पुस्तकांचं कपाट आणि मागच्या अंगणात आठ-दहा कोंबड्या. मुलगा इंजिनीअर होऊन बंगळूरला होता. तो सुट्टीला आला की आईच्या वऱ्हाडीला हिंदीत उत्तरं द्यायचा. कोंबड्या निदान हिंदी बोलत नाहीत, असं बाई म्हणायच्या.

कोंबड्यांना त्या 'पोट्ट्या', म्हणजे पोरी, म्हणत. घरात कोंबडी शिजत नव्हती असं नाही. साहेबांना रविवारी रस्सा लागायचा. पण ती कोंबडी बाजारातून यायची. "ते कोंबडी हाये, ह्या पोट्ट्या हायेत," असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांना अगदी सरळ वाटायचा. अंगणातल्या पोट्ट्या अंडी द्यायच्या. अंडी द्यायची थांबली तरी त्यांचं रेशन चालू राहायचं.

या पोट्ट्यांच्या आरोग्यासाठी बाई जे करायच्या, ते आमच्या गल्लीने नाकाने सोसलं. चुलीची राख चाळून, त्यात वाळलेल्या कडुनिंबाचा चुरा मिसळून एका जुन्या टबात ठेवलेला असायचा. कोंबड्या त्यात लोळायच्या आणि उठून पंख झाडायच्या. वारा आमच्या बाजूचा असला की नलिनीची धुतलेली चादर राखी रंगाची. अधूनमधून तंबाखू उकळायची. त्या पाण्याने खुराड्याचे बांबू पुसायचे आणि मग फटीफटींतून रॉकेलचं बोट फिरवायचं, कारण लाल किडे दिवसा फटीत लपतात आणि अंधारात बाहेर येऊन रक्त पितात. "चोरासारखे," बाई म्हणायच्या. "चोर तरी बरा. भांडी नेते, रक्त तर नाही नेत." जंतांचं औषध पाजायच्या दिवशी कोंबड्यांना सकाळपासून पाणी बंद. मग औषध कालवलेलं भांडं पुढे ठेवायचं आणि बाई शेजारी पाट टाकून बसायच्या. कोण किती प्याली यावर नजर. एखादी मागे राहिली की तिला समजावणं, मग दरडावणं, मग चमच्याने पाजणं. पोटच्या पोराला कुणी इतकं मनावर घेऊन एरंडेल पाजलं नसेल.

एकदा एका म्हाताऱ्या कोंबडीच्या पायावर खरूज धरली. पायाचे खवले उचलले गेले, आत पांढरी पूड. बाईंनी तिला मांडीवर घेतलं, पाय कोमट साबणाच्या पाण्यात बुडवले, ब्रशने घासले, वर मोहरीचं तेल लावलं. आठवडाभर हा कार्यक्रम चालला. मग एका सकाळी रामटेकेसाहेब भिंतीपाशी येऊन मला हळूच म्हणाले, "जोशीसाहेब, माझा टूथब्रश नरम लागून राह्यला आहे आठवडाभर. तुम्हाला काही कल्पना?" मला कल्पना होती. मी म्हटलं, हवामानाने होतं.

या सगळ्या खटाटोपाचं फळ बाई गल्लीसमोर मिरवायच्या. भाजीवाला असो, गॅसवाला असो, कुणी कोंबड्यांकडे नुसतं वाकडं पाहिलं की काखेतली कोंबडी त्याच्या तोंडापुढे यायची. "एक जूँ दिखाओ भैया, पूरी मुर्गी ले जाओ!" मराठी माणसाला हेच मराठीत, "एक ऊ दाखवा जी, पुरी कोंबडी घेऊन जा." आमच्यापैकी कुणीही कधी कोंबडी जिंकली नाही. अंगण सकाळ-संध्याकाळ झाडलेलं, खुराड्याला चुना मारलेला. आमचं स्वयंपाकघर त्या खुराड्याइतकं स्वच्छ असावं, असं मी एकदा नलिनीला म्हणालो आणि दोन दिवस पोळीऐवजी भात जेवलो.

एवढी स्वच्छता कशासाठी, हे मी त्यांना एकदा थट्टेतच विचारलं. बाई खुराडं धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जोशीभाऊ, तुमच्या घरात ऊ निघाली, तर लोक म्हणतीन ऊ निघाली. आमच्या घरात निघाली, तर म्हणतीन, हे लोक असेच."

रामटेके आमच्या थोडे दिवस आधी राहायला आले होते, तेव्हा समोरच्या मिश्रांच्या पत्नी, मिश्राइन, त्यांच्याकडे ओळखीला गेल्या होत्या. अगदी गोड बोलल्या. मग नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग गाव आणि घरात पूजा कुणाची. त्यानंतर त्यांना एकाएकी चहा नको झाला. पुढच्या चार वर्षांत त्या घरात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. पण मुर्गियाँ बड़ी साफ रखती हैं, एवढं मात्र त्यांना सगळ्यांपुढे कबूल करावं लागायचं. कौसल्याबाईंनी राख आणि रॉकेलच्या बळावर कमावलेलं हे एक वाक्य होतं. ते कुणी त्यांना येऊन सांगितलं की त्यांचा चेहरा दिवसभर खुललेला असे.

मला मात्र या कमाईत फुकट राबावं लागायचं. "जोशीभाऊ, हात रिकामे हायेत का?" अशी हाक भिंतीवरून आली की समजावं. साहेब कोंबडीला भीत, म्हणून धरायला मी. पंख कसे दाबायचे, पाय कसे पकडायचे, तिचा जीव घाबरा होऊ नये म्हणून डोळ्यांवर हात कसा धरायचा, हे सगळं मला शिकावं लागलं. ज्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नाही, त्यातला मी कोंबडीच्या पंखाखाली डोकावत बसलेला पाहून माझ्या वडिलांनी काय म्हटलं असतं!

मग साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. कानपूर. सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची जागा.

आपल्याकडे बदली म्हणजे शाळा, गॅस, फर्निचर. रामटेक्यांच्या घरात प्रश्न एकच होता, आणि तो अंगणात दाणे टिपत होता. बाईंच्या फुंकरा चालू होत्या, पण गप्पांशिवाय. शेवटी नलिनीने विचारलंच, कोंबड्या कुणाला देणार? तेव्हा बाईंनी मागच्या बदलीची, बरेलीची हकीकत सांगितली. बरेलीहून निघताना शेजारणीने पोट्ट्या मागून घेतल्या होत्या, सांभाळते म्हणून, हातात हात घेऊन. "आमचं सामान चढून राह्यलं होतं ट्रकात," बाई म्हणाल्या, "अन् भिंतीपलीकडून मसाला भाजल्याचा वास आला. साहेब म्हणे, दुसरं काही असंन. मले का वास कळत नाही? मी रांधते ना घरात!" त्या हसल्या, पण ते हसणं मला पाहवलं नाही.

बदलीची बातमी गल्लीत पसरली आणि दुसऱ्याच दिवशी सक्सेनाजी आले. हे निवृत्त गृहस्थ कोपऱ्यावरच्या घरात राहायचे. खाण्याचे मोठे शौकीन. मी मागे कपडे वाळत घालत होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"भाभीजी, सुना है आप लोग जा रहे हैं," सक्सेनाजी म्हणाले. "बड़ा अफ़सोस हुआ. मुर्गियों का क्या सोचा? हमको दे दीजिए. घर की पली हुई, साफ-सुथरी, ऐसी चीज़ बाज़ार में कहाँ!"

मला वाटलं, आता बाई त्यांना हाकलतील. पण त्यांचा आवाज अगदी शांत आला.

"मत लीजिए भैया. कीड़े पड़े हैं."

"किसको?"

"सबको. पूरे बदन में जुएँ हैं. पेट में भी कीड़े हैं, जाते ही नहीं. दवा कर-कर के थक गई."

मी चिमटा हातात धरून उभाच राहिलो. त्याच सकाळी एकेक कोंबडी मी धरली होती आणि बाईंनी तपासली होती. उवेचं अंडंसुद्धा नव्हतं.

"मगर आप तो कहती थीं..." सक्सेनाजी गोंधळले.

"झूठ बोलती थी," कौसल्याबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं होतं. मिश्राइन आमच्या फाटकाशी येऊन नलिनीला, तीही मराठी म्हणून, मुद्दाम सांगून गेल्या, की हमें तो पहले ही शक था, ऊपर-ऊपर की सफाई थी, आखिर हैं तो वही लोग. नलिनीने त्यांच्या तोंडावर फाटक लावलं. तिला खरं काय ते माझ्याकडून कळलं होतं. मला राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. चार वर्षं घासूनपुसून मिळवलेलं ते एकच वाक्य या बाईने स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं, आठ-दहा कोंबड्यांसाठी.

निघायच्या आदल्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या. भिंतीवरून नाही, पुढच्या दाराने, धुतलेलं लुगडं नेसून, पाहुण्यासारख्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"तुम्ही खात नाही जी," त्या म्हणाल्या. "पुऱ्या गल्लीत तुम्हीच खात नाही. अन् तुम्हाले धरता येते."

चार वर्षं मला हाक मारून मारून कोंबडी धरायला का लावत होत्या, हे मला त्या खुर्चीसमोर उभं असताना उमगलं. मी नलिनीकडे पाहिलं. नलिनी आधीच म्हणाली होती, "खुराडंसुद्धा आणा."

रामटेकेसाहेब आणि मी खुराडं भिंतीवरून अलीकडे उतरवलं. मग बाई एकेक कोंबडी उचलून माझ्या हातात देऊ लागल्या, पण प्रत्येक वेळी सोडायच्या आधी तिचा पंख वर करायच्या, माझ्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि थांबायच्या. मी म्हटलं, ताई, मला माहीत आहे. त्यांनी ऐकलं नाही. "पाहा जी, नीट पाहा. चष्मा लावा," त्या म्हणाल्या. "एक तरी माणूस पायजे ना ज्यानं पाहून ठेवलं."

म्हणून मी चष्मा लावला आणि सगळ्या पाहिल्या. अर्धा तास गेला असेल. साहेब तोंड फिरवून उभे होते.

"अन् कोणाले सांगू नका," शेवटची कोंबडी देताना बाई म्हणाल्या.

सकाळी ट्रक गेला. धूळ खाली बसते न बसते, तोच सक्सेनाजी आमच्या फाटकाशी हजर. मी पंडित, म्हणजे ब्राह्मण, शाकाहारी, शिकलेला; मी खोटं बोलणार नाही, असा त्यांचा भरवसा असावा. अंगणाकडे मान उंचावून त्यांनी विचारलं, "जोशीजी, सच बताइए, वाकई जुएँ हैं इनमें?"

"बहुत," मी म्हणालो, आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात कराकरा खाजवला. "मुझे भी लग गईं."

सक्सेनाजी दोन पावलं मागे सरकले. दुपारपर्यंत बातमी पोचली असावी, कारण त्यानंतर मिश्राइननी आमच्याकडेही कधी चहा घेतला नाही. नलिनीची साखर वाचली.

पुढे त्या कोंबड्या एकेक करून गेल्या, कुणी थंडीत, कुणी उन्हाळ्याच्या लूमध्ये. त्या खरुजलेल्या पायाच्या कोंबडीने मात्र कडुनिंबाखाली बसल्या बसल्या मान टाकली, अंगावर कसलीच जखम नव्हती. मी तिला उलटंसुलटं करून पाहिलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "कुछ नहीं, बूढ़ी हो गई थी." कोंबडी म्हातारी होऊनही मरते, हे आमच्या गल्लीत तोवर कुणी पाहिलं नव्हतं.