कोरड्या पाठीचं शिंगरू

एका जंगलात, मुलांनो, एक चढ होता. चढाच्या खाली नदी, आणि चढाच्या वर सिंहमहाराजांची गुहा. आता पाणी खाली आणि राजा वर अशी राजधानी कुणी वसवली, ते मला विचारू नका. ज्यानं विचारलं होतं तो आता नाही.

पाणी वर न्यायला दोन घोड्यांची गाडी होती. डावीकडं भिवरा नावाची म्हातारी घोडी. सोळा वर्षं ती तो चढ चढत होती. उजवीकडचा घोडा थकून गेला, तेव्हा त्याच्या जागी बाजिंदा नावाचं शिंगरू जुंपलं. नावाप्रमाणेच होतं ते. नाक वर, शेपूट त्याहून वर.

गाडीवान होता दगडू अस्वल. त्याच्याकडं एक जुनी रीत होती. नवं शिंगरू म्हाताऱ्या घोडीशेजारी जुंपायचं आणि पहिला महिनाभर सगळा भार घोडीनं घ्यायचा. शिंगराच्या छातीवरचा पट्टा ढिला ठेवायचा. कोवळ्या खांद्याला पहिल्याच दिवशी ओझं लागलं, की ते जन्माचं भेदरतं. म्हणून आधी चाल शिकवायची, मग वळण, आणि मग रोज एक-एक बोट पट्टा आवळायचा.

हे भिवराला ठाऊक होतं, दगडूला ठाऊक होतं. बाजिंद्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी चालतोय, गाडी चालतेय, म्हणजे मीच ओढतोय, असा त्याचा सरळ हिशेब.

“आजी, सोपं असतं की हे,” तो म्हणाला.

“सोपंच असतं, बाळा,” भिवरा धापा टाकत म्हणाली. “तू पाय तेवढे नीट टाक.”

ए, चुळबूळ नको. आता परीक्षक येतायत.

वीस दिवस झाले आणि दरबारातून परीक्षक आले. श्री. शुभ्रकांत बगळे. त्यांनी स्वतः आयुष्यात काही ओढलेलं नव्हतं, चिखलातून एखादा मासा सोडला तर. पण परीक्षेची पद्धत त्यांनी स्वतः शोधली होती. गाडी वर पोचली, की ते आधी एका घोड्याच्या पाठीवर उभे राहत, मग दुसऱ्याच्या, आणि मग आपले पाय बघत.

भिवराच्या पाठीवर त्यांचे पाय भिजले. जन्म पाण्यात उभं राहण्यात गेला होता, पण घामाची त्यांना किळस होती.

“ही घोडी पाझरते,” ते म्हणाले. “शिंगरू बघा. एवढा चढ चढलं आणि थेंब नाही. याला म्हणतात ताकद.”

“सायेब, पट्टा बगा की,” दगडू म्हणाला. “त्येचा ढिला हाय.”

“पट्टा माझ्या खात्यात येत नाही.”

निकाल लागला. बाजिंदा पहिल्या वर्गात. भिवरा निवृत्त.

निवृत्त होणाऱ्याला महाराज स्वतः जेवायला बोलावत. मोठा मान होता तो. आजवर सत्तावीस जण जाऊन आले होते. म्हणजे, गेले होते. जेवण कसं होतं, ते अजून कुणी येऊन सांगितलेलं नाही.

भिवरा काही खुळी नव्हती. तिला जगायचं होतं.

पाहुण्याला गाडीतून वर न्यायची प्रथा होती. भिवराला हार घालून गाडीत बसवलं आणि गाडीला एकटा बाजिंदा जुंपला. त्याच्या पाठीवर शुभ्रकांत उभे. सपाटीवर गाडी कशीबशी निघाली. अर्ध्या चढावर बाजिंद्याचा पट्टा ताठ झाला. पहिल्यांदाच.

“आजी,” तो घाबरून म्हणाला, “हे छातीला काय लागतंय?”

“यालाच ओढणं म्हणतात, बाळा.”

गाडी मागं घसरायला लागली. बाजिंदा गुडघ्यांवर आला, गुडघे सोलवटले. दगडूनं धावत जाऊन चाकाला दगड लावला. भिवरा खाली उतरली. दगड करकरत सरकत होता. दगडूनं बक्कल सोडवायचा प्रयत्न केला, पण ताठ पट्ट्याचं बक्कल सुटत नसतं.

दगडू तिच्या कानाशी आला. “अक्का, रान मोकळं हाय. पळ.”

भिवरानं रानाकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग बाजिंद्याच्या गुडघ्यांकडं पाहिलं.

“आणि याचं?”

ती आपल्या डाव्या जागेवर जाऊन उभी राहिली. दगडूनं मान खाली घालून तिला पट्टा चढवला. तिनं भार घेतला, तसा बाजिंद्याचा पट्टा ढिला झाला. पण चालत्या गाडीचं बक्कल सोडवता येत नाही, आणि आता तिनं सोडलं असतं, तर गाडी शिंगराला घेऊन थेट नदीत. सपाट जागा एकच होती. वर, गुहेसमोर.

भिवरानं गाडी वर नेली. पाहुणी वेळेवर पोचली.

शुभ्रकांतांनी आपले पाय पाहिले. “कोरडे,” ते म्हणाले. “शिंगराला उद्यापासून शिक्षक म्हणून नेमावं.”

“मी नाही ओढली,” बाजिंदा रडत म्हणाला. “आजीनं ओढली.”

“नम्रता,” शुभ्रकांत म्हणाले. “नम्रतेचेही गुण धरले आहेत.”

दुसऱ्या दिवशी बाजिंद्याशेजारी नवं शिंगरू जुंपलं. रीतीप्रमाणे त्याचा पट्टा ढिला. शुभ्रकांत परीक्षेला हजर होते, आणि ओल्या पाठीचं काय होतं ते बाजिंद्यानं पाहिलं होतं. त्यानं आपलाही पट्टा ढिला करून घेतला. दोघं फार डौलात उभे राहिले. गाडी नदीकाठीच राहिली.

वर महाराजांना सकाळपासून तहान लागली होती. कालचं जेवण जरा खारट होतं, असं ते म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, पाठ कोरडी ठेवावी, पावलं नीट टाकावीत, आणि शेजारी ओढणारं कुणी आहे तोवर आपली प्रगती करून घ्यावी. घामाची कदर होत नाही असं नाही. होते, पण ती ताटात होते.