घोंगडी डोंगर चढते

पोरांनो, जरा असं समजा, की तुमच्या पाठीवर दप्तर आहे आणि घरातल्या प्रत्येकानं आपली एकेक काळजी त्यात कोंबली आहे. आता उभे राहा. राहिलात? मग एक पाऊल टाका. गेला ना तोल मागे? मार्च महिन्यातल्या एका सकाळी दिव्यानीचाही अस्साच गेला होता, शाळेच्या फाटकाजवळ, सगळ्या वर्गासमोर.

चामोर्शीच्या पलीकडे धानाचे बांध संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथल्या गावची ही पाचवीतली पोर. तिथले सुरज सर दरवर्षी मुलांना हत्तीमाथा नावाच्या डोंगरावर नेत. डोंगराच्या माथ्यावर वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला लाकडी मनोरा होता. त्यावर चढलं, की दूरची वैनगंगा वाळत घातलेल्या लुगड्यासारखी दिसे. मनोरा चढायला सरांची अट एकच. आपलं ओझं आपल्या पाठीवर. दुसऱ्याच्या हाती दिलं, की मनोरा बंद.

मागच्या वर्षी अर्ध्या वाटेवर दिव्यानीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तिला पायथ्याशी खिचडीचं पातेलं राखत बसावं लागलं. तेव्हापासून वर्गातली चंचल तिला ‘खिचडीबाई’ म्हणे. यंदाही मनोरा हुकला, तर हे नाव सातवीपर्यंत काही सुटणार नव्हतं.

म्हणून यंदा दिव्यानीनं दप्तर विचार करून भरलं. सरांनी वर्गात सगळं समजावलं होतं. हिवाळ्यात एकावर एक कपडे घालायचे, म्हणजे ऊन चढलं की एकेक काढता येतो. उन्हाळ्यात सैल सुती कपडे, टोपी आणि भरपूर पाणी. पावसाळ्यात बाकी काही विसरलं तरी चालेल, पण कोरडे मोजे प्लॅस्टिकात गुंडाळून घ्यायचे. बूट मात्र बाराही महिने. फक्त मार्चचं काय करायचं, ते सर सांगायचे राहिले. आमच्याकडे मार्च हा ऋतू नसतोच. ते तीन ऋतूंचं भांडण असतं.

त्या भांडणाला दिव्यानीच्या घरात तीन वकील मिळाले. पहाटे आबाजी, म्हणजे तिचे आजोबा वारलू, चुलीपाशी हात शेकत म्हणाले, “डोंगरावर लय थंडी राह्यते पोरी,” आणि आपली जाड घोंगडी दप्तरात घालून मोकळे झाले. आईनं, कमळाबाईनं, घोंगडीला नाक मुरडलं आणि उन्हासाठी भला मोठा दुपट्टा नि तेलाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डबकीत भरलेलं पाणी ठेवलं. उन्हाची लू लागू नये म्हणून तिच्या दोन्ही खिशांत कांदे कोंबले ते वेगळेच. रंजीताआत्यानं अंगणात जाऊन आभाळाकडे बघितलं, परत आली आणि छत्री अन् धानाच्या रोवणीच्या वेळी बाया डोक्यावरून घेतात ती प्लॅस्टिकची खोळ वर ठेवली. चेन लागेना, तेव्हा दप्तर सुतळीनं आवळलं. एकाचं काढावं, तर त्याला वाटणार, दुसऱ्याचं ठेवलं. दिव्यानीनं सगळंच उचललं.

“काऊन व खिचडीबाई, मुक्कामाले चालली का?” चंचलनं फाटकाजवळच विचारलं.

डोंगराची चढण लागली तशी पोरं पुढे गेली आणि दिव्यानी मागे राहिली. पहिल्या वळणावर तिचे खांदे रडकुंडीला आले. तिनं सरांना हाक मारून विचारलं, की काही सामान वाटेत ठेवलं तर चालेल का. सर वरूनच म्हणाले, “दुसऱ्याजवळ द्यायचं नाही, एवढंच.” दिव्यानीनं इकडंतिकडं पाहिलं. झाड म्हणजे काही दुसरा माणूस नव्हे. तिनं हाताला येईल अशा फांदीवर घोंगडी टाकली आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून सुतळीच्या तुकड्यानं पक्की बांधली. पुढच्या वळणावरच्या झाडाला छत्री बांधली. त्याच्या पुढच्याला खोळ. उतरताना एकेक काढून घ्यायचं ठरवलं आणि ती अशी सुटली, की चंचलला मागं टाकून थेट मनोऱ्याच्या पायथ्याशीच थांबली.

पण घाईत तिनं एक गोष्ट पाहिलीच नव्हती. ती तिन्ही झाडं मोहाची होती.

आता या गावची रीत ऐका. मोहफुलं गळायच्या आधी बाया झाडाखालचा पालापाचोळा झाडून ठेवतात, म्हणजे पडलेली फुलं वेचता येतात. गावाजवळची झाडं घराघरांत वाटलेली असतात. डोंगरावरच्या झाडाला मात्र जो आधी कापड किंवा एखादी वस्तू बांधील, त्या वर्षाची फुलं त्याची. दुसऱ्याची खूण मान्य नसेल, तर ती गुपचूप फेकायची नाही. सोडायची, त्याच्या हातात नेऊन द्यायची आणि मग भांडायचं.

सर पोरं मोजत होते, तेवढ्यात चंचल खाली बघत म्हणाली, “दिव्यानी, तुह्या घरचं सामान चालून राह्यलं.”

खरंच चालत होतं. खराटे घेतलेल्या बायांची रांग वळणावरून वर येत होती. पुढे गावातल्या अंजनाबाई, खांद्यावर घोंगडी. मागे एकीच्या काखेत छत्री, एकीच्या डोक्यावर खोळ.

अंजनाबाईंनी घोंगडी पसरून कोपऱ्यातलं शेकोटीनं जळालेलं भोक दाखवलं. “हे वारलूभाऊचंच न? एका घरानं तीन झाडं धरली. आमी का पाला झाडाले आलो का फक्त?”

दिव्यानी हळूच म्हणाली, “मी झाडं नाई धरली मावशी. मले वजन होत होतं.”

“वजन होते म्हणून छत्री बांधते का कोणी मोहाले? कोणाले शिकवून राह्यली व तू?”

अंजनाबाईंचा आवाज आत्ता कुठे तापत होता. तेवढ्यात आभाळ काळं झालं, वारा उलटला आणि बोराएवढ्या गारा तडातड पडू लागल्या. मनोऱ्याखाली लहानसं छप्पर होतं. पोरं आणि बाया त्याच्याखाली शिरल्या, तरी अर्धीअधिक माणसं बाहेरच उरली. मग कोणी सांगायची वाट न बघता घोंगडी उलगडली आणि पाच-सहा पोरं तिच्याखाली गेली. खोळीत दोघी मावल्या. अंजनाबाईंनी छत्री उघडली आणि दिव्यानीला दंडाला धरून आत ओढलं. गाऱ्हाण्याचा पुरावा डोक्यावर धरून भांडता येत नाही. दिव्यानीच्या खिशातले कांदे मात्र अंजनाबाईंना टोचत होते.

“हे काय व?”

“कांदे. लू लागू नये म्हणून.”

गारांच्या त्या माऱ्यात अंजनाबाई अशा हसल्या, की छत्री हलली आणि दोघी भिजल्या.

गारा थांबल्या, ढग सरकले. वारा मात्र असा गार सुटला, की चंचल घोंगडीतून बाहेर यायला तयार होईना. आतूनच ती म्हणाली, “सर, दिव्यानीले मनोरा नाई. तिचं सामान दुसऱ्यांनी आणलं.”

सर विचारात पडले. अट त्यांचीच होती.

उत्तर दिलं अंजनाबाईंनी. “तिनं कुठी देलं आमाले? आमी पकडून आणलं, गुरुजी. चोराले आणतेत तसं.”

सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी मनोऱ्याच्या शिडीकडे बोट केलं. दिव्यानी दप्तर पाठीला लावून चढली. वर पोचल्यावर धुतलेल्या उजेडात वैनगंगा दिसली, तेव्हा खालून आवाज आला, “दिव्यानी, काय दिसते व?” हाक चंचलची होती आणि तीत खिचडी कुठेच नव्हती.

ती खाली उतरली, तेव्हा अंजनाबाई खराटा टेकून वाट बघत होत्या. “आता सांग. ते तीन झाडं कोणाचे?”

“तुमचे, मावशी.”

“बरं.” अंजनाबाईंनी छत्री मिटून तिच्या हातात दिली आणि बाया निघाल्या.

मनोऱ्याच्या मागेही एक मोह होता, म्हातारा आणि पसरलेला. त्याच्या अंगावर एकही चिंधी नव्हती, कारण टोपली घेऊन इतक्या उंच कोणी येतच नसे. दिव्यानीनं त्याच्याकडे पाहिलं, मग दप्तराकडे. तिनं आईचा दुपट्टा काढला, बुंध्याभोवती फिरवला आणि सगळ्यांच्या देखत दोन गाठी मारल्या.