दंतकवचाच्या पहिल्या मापाची हकीकत

श्री एकदंतास नमन. देवाचा दात मोडला तरी देवाची शोभा वाढली; माणसाचें तैसें होत नाहीं, म्हणोन हें लिहिणें. शके सोळाशें छत्तीस, जयनाम संवत्सर, माघमासीं एक राज्य नदीकांठीं धुक्यांत पेंगत होतें. त्या राज्यीं रायाजी गुरव म्हणोन सनईवाला जाहला. सांजवेळीं तो सज्ज्यावर बसोन सनई धरी, आणि मग हत्ती डोळे मिटीत, आणि पहारेकरी भाल्यास टेकत, आणि भांडणारे भांडण उद्यांवर टाकोन घरीं जात, आणि त्या सुरांवरच सरकारस्वारीचा डोळा लागे. ऐसा गुणी पुरुष. परंतु त्यास हुतुतूचा भारी नाद. एका दमांत हुतुतू घुमवीत परक्या गड्यांत शिरावें आणि गडी मारोन परतावें, यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग पैलतीरच्या राज्याशीं सामना ठरला. पैलतीरचे गडी कोपर मारण्यांत नामांकित, आणि पुढले दात पडले तर ओठांत सनई ठरणार नाहीं, हें रायाजी जाणून होता.

तेव्हां सरकारांनीं उमाई दंतवैद्यीण बोलाविली. तिणें मेण-राळेचें दंतकवच दाखवोन विनंती केली कीं, "ऊन पाण्यांत मऊ करावें, ज्याचें त्यानें दातांवर बसवोन चावावें, म्हणजे घाव कवच सोसतें." सर्वांस मानवलें. परंतु त्या दरबाराची रीत ऐसी कीं कोणत्याही नव्या वस्तूचा पहिला मान सरकारांचा. कारभारी गोविंदपंत म्हणाले, "सरकारांआधीं गुरवानें तोंड उघडावें, हें कोण्या शास्त्रांत आहे?" मग सरकारांच्याच तोंडाचें माप घेतलें आणि त्याबरहुकूम सर्व गड्यांचीं कवचें ओतविलीं. आतां सरकार बोलतां शेल्याचा पदर तोंडापुढें धरीत. दरबारीही थोरांची चाल म्हणोन तैसेच धरीत. पदराआड काय आहे हें पुसण्याची कोणाची छाती नव्हती. उमाईनें तोंडांत पाहिलें होतें. ती मूग गिळोन बसली.

मग कवचें आलीं तीं आंतून सपाट. दरबारानें वाहवा केली. रायाजीनें कवच घालोन हुतुतू घुमविलें, तों पहिल्याच दमास तें बाहेर येऊन सतरंजीवर पडलें.

"सरकार, हें माझ्या तोंडांत ठरत नाहीं."

गोविंदपंत म्हणाले, "माप सरकारी आहे. तुझेंच तोंड चुकलें असेल."

"असेल, पंत. मग मी उघड्या दातांनींच खेळतों."

"आणि सनई?" सरकारांनीं पुसिलें.

"दात राहिले तर वाजवीन, सरकार."

सरकारांनीं पदर खालीं सोडिला, आणि बोलिले, "या तोंडांत दात नाहींत. आम्हीही तरुणपणीं सनई वाजवीत होतों. ऐशाच एका सामन्यांत पुढले दात गेले, मागाहून वयानें उरलेले नेले. तैंपासोन आम्ही सनईस हात लाविला नाहीं. उमाई, पहिला मान रायाजीस द्या." गोविंदपंतांनीं मान खालीं घातली. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणोन सरकारांनीं कोणास शासन केलें नाहीं. दात अर्थात नव्हतेच.

मग भर सभेंत ऊन पाणी आणविलें, आणि रायाजीनें सरकारांआधीं तोंड उघडोन कवच चाविलें, आणि तें चपखल बसलें. सामन्याचे दिवशीं तो पैलतीरच्या गड्यांत शिरला आणि एकाचें कोपर थेट मुखावर बसलें. रायाजी धुळींत पडला, तोंडांतून रक्त आलें. सरकार खुर्ची सोडोन अनवाणी मैदानांत धांवले. रायाजीनें कवच काढोन हातीं घेतलें, दातांवरून जीभ फिरविली आणि म्हणाला, "ओठ फाटला, सरकार. दात आहेत." सामना ऐलतीरचे गडी हरले. त्याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं.

पुढें ओठ भरोन आल्यावर रायाजी सज्ज्यावर बसला. धुकें उतरलें, सनई लागली, हत्तींनीं डोळे मिटिले, सारें राज्य निजलें. सरकार मात्र त्या सांजेस निजले नाहींत. डोळ्यांतून पाणी वाहत होतें, आणि रायाजीचीं बोटें जेथें पडत तेथें तेथें सरकारांचीं बोटें रिकाम्या हवेंत पडत होतीं.

इतकेंच वर्तमान. तेव्हांपासोन त्या राज्यांत ज्याचे दात त्याचें माप, ऐसा कायदा चालू जाहला.