धारेखालची घागर

दूध संस्थेच्या चेअरमनकीची निवडणूक उद्यावर आली होती आणि उत्तरेश्वरची निशाणी होती घागर. केजहून टँकर आला, गावच्या आटलेल्या पायऱ्यांच्या विहिरीत त्यानं पाइप सोडला, तसा हा गडी घरातली तांब्याची घागर उचलून पळतच सुटला. सगळे मतदार काठावर आयतेच जमलेले. असा मोका पुन्हा कुठं मिळणार?

"बादल्या बुचकळत बसू नका," तो म्हणाला. "घागर बरोब्बर धारेखाली सोडायची. डोळ्याचं पातं लवायच्या आत भरून वर. संस्थाबी मी अशीच भरणार हाय."

"दोर कमरेला कावून बांधताय?" बायको ताराबाईनं विचारलं.

"सुटायची भानगडच नको."

घागर धारेखाली गेली अन् तिच्या अंगातच आलं. खाली पाणी नुसतं उकळल्यासारखं घुसळत होतं. गोल पोटावरून ते कधी डावीकडून निसटायचं, कधी उजवीकडून, अन् त्याच्या लहरीप्रमाणं घागर धावायची. मधूनच खाली खेचली जायची, मधूनच वर उसळायची. थेंब आत जाईल तर शपथ! काठावर उत्तरेश्वर, दावं हिसडणाऱ्या वासरामागं फरपटावं तसा.

"अवो, भरतीय का नाचतीय?" शेजारची छबुबाई म्हणाली.

"अंदाज घेतीय ती," उत्तरेश्वर धापा टाकत म्हणाला.

तेवढ्यात ओढ एकदम थांबली. "बगा, आली ताब्यात," म्हणत त्यानं मतदारांना हात जोडले. प्रचारात सवयच लागली होती ना! खालून असा हिसका बसला, की उमेदवार जोडल्या हातांनीच विहिरीत गेला.

पाणी छातीएवढं होतं, जीव वाचला. पण काठावरून सगळं गाव ज्या नजरेनं बघत होतं, तिच्यापेक्षा बुडालेलं बरं असं त्याला झालं. गावाचं प्यायचं पाणी ते.

"आठ दिस झाले, आमाला अंग धुवायला पाणी न्हाई," छबुबाई म्हणाली. "हे चेअरमन व्हायच्या आधीच न्हाऊन घेतेत."

तो पायऱ्या चढून वर आला. घागर भरायचं भान कुणाला? ती रिकामीच काखेत. गुपचूप सटकणार, तोच ताराबाईनं दंड धरला.

"हलू नका. पानी सांडतंय." तिनं सगळ्यांदेखत त्याचं धोतर घागरीत पिळलं. मग सदरा. मग टोपी.

"आगं, मतदार बगतेत."

"बगू द्या. म्हशीला चालतंय हे."

मतमोजणीचं विचारू नका. म्हशीनं ते पाणी नाक न मुरडता पिऊन टाकलं. पण दूध संस्थेत म्हशींना मत नसतंय ना.